तिरप्या उजेडातल्या लाटा

जुन्या व्हॉल्व्ह ग्राइंडिंग मशीनवरून, म्हणजे इंजिनाचे झिजलेले व्हॉल्व्ह घासून नीट करणाऱ्या मशीनवरून, नुकताच उतरलेला एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. कूलंट पुसून दिव्याखाली धरला तर फेस, म्हणजे डोक्याच्या कडेची तिरपी पट्टी, या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखा रुपेरी. काळे डाग गेले, खड्डे गेले. मशीनही देखणं झालंय. गंज उतरला, नवा रंग लागला, मोटर संथ आवाजात फिरते. मग दिवा जरा बाजूला सरकतो, उजेड तिरपा पडतो आणि त्या रुपेरी पट्टीवर फिकट आडव्या रेघा दिसायला लागतात. सारख्या अंतरावर, एकीमागे एक, पूर्ण गोलाभर. नखाला लागत नाहीत, मायक्रोमीटरला सापडत नाहीत. इंजिनात बसवला तर हा व्हॉल्व्ह बहुधा चालूनही जाईल. तरी तो ‘झालेल्या’ कामाच्या ट्रेमध्ये ठेवायला हात धजत नाही. कारण त्या रेघा व्हॉल्व्हच्या नाहीत, मशीनच्या आहेत. आत कुठेतरी अजून काहीतरी हलतंय, आणि ते रंगाखाली झाकलं गेलंय.

एवढ्याशा रेघांची इतकी काळजी का, हे व्हॉल्व्हच्या कामाकडे पाहिल्यावर कळतं. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरत असेल तर चार-स्ट्रोक इंजिनातला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा सीटवर, म्हणजे इंजिनातल्या त्याच्या गोल बैठकीवर, येऊन बसतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं ७०० अंश सेल्सिअसच्या वर तापतं. ही उष्णता बाहेर जायला दोनच वाटा: साधारण तीन चतुर्थांश सीटमधून आणि उरलेली स्टेममधून (व्हॉल्व्हच्या दांड्यातून) गाइडकडे, म्हणजे दांडा ज्या नळीत सरकतो तिच्याकडे. म्हणजे दीड-दोन मिलिमीटर रुंदीची ती टेकण्याची पट्टी वायू अडवते तेवढीच ती डोकं थंडही ठेवते. एका जागी ती टेकली नाही, की तिथून पेटता वायू फटीतून निसटतो, ती जागा आणखी तापते, कड वितळायला लागते आणि काही दिवसांत डोक्याच्या कडेला त्रिकोणी खाच पडते. व्हॉल्व्ह ‘जळला’ म्हणतात तो हा प्रकार. बहुतेक कारखाने फेसच्या रनआउटला, म्हणजे फिरताना होणाऱ्या डगमगीला, ०.०५ मिलिमीटरच्या आसपास मर्यादा घालतात. एवढ्यात काम बसवायचं, तर मशीनचा स्वतःचा दोष त्याच्या निम्म्याहून कमी हवा.

मोटारींच्या सुरुवातीच्या काळात व्हॉल्व्ह काही हजार मैलांतच खराब व्हायचे. पोलाद आजच्याइतकं उष्णता सोसणारं नव्हतं, इंधन बेभरवशाचं होतं. कार्बोरंडमची पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर हाताने घासत बसणं हा नेहमीच्या देखभालीचाच भाग होता. १९२३ पासून अमेरिकेत पेट्रोलमध्ये शिसं येऊ लागलं. त्याच्या थराने सीटला एक प्रकारचं संरक्षण मिळालं, पण डोक्यावर त्याचा साकाही जमू लागला. त्या सगळ्या काळात व्हॉल्व्ह घासायची मशीन गॅरेजमधल्या मोक्याच्या जागी असायची. आयोवातल्या सू सिटीच्या अल्बर्टसन कंपनीची ‘सू’, त्याच राज्यातल्या सीडर रॅपिड्सची ‘क्विक-वे’, ब्लॅक अँड डेकर, व्हॅन नॉर्मन ही त्यातली ओळखीची नावं. ओतीव लोखंडाचा जड पाया, डावीकडे स्टेम पकडून फिरवणाऱ्या चकचं कोनात वळणारं डोकं, उजवीकडे व्हील, म्हणजे घासणारं दगडी चाक, खाली कूलंटची टाकी, आणि एका टोकाला स्टेमचं टोक व रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) घासायची सोय. रचना इतकी साधी, की एकेक भाग उलगडून पाहिला तर त्याचं काम लगेच कळतं. म्हणूनच पन्नास-साठ वर्षांनीही ही मशीन पुन्हा उभी करता येतात.

फक्त क्रम चुकवायचा नाही. रंग सगळ्यात शेवटी.

पहिली पाळी विजेची. वायरच्या जुन्या कापडी आवरणाचा हात लावताच चुरा होतो, आणि त्यात ॲसबेस्टॉस असू शकतो. म्हणून ते कोरडं खरवडायचं नाही, ओलं करून काढायचं आणि वायर पूर्ण बदलायची. मशीनच्या अंगाला अर्थिंग जोडलंय का ते पाहायचं. बऱ्याच जुन्या मशीनांत ते नसतंच. मोटरचं वाइंडिंग आणि बॉडी यांच्यातलं इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने मोजायचं. एक मेगोहमच्या खाली आलं तर मोटर चालू करायचीच नाही. साठ-सत्तर अंशांवर सावकाश वाळवून पुन्हा मोजायचं. बऱ्याचदा ओलच असते आणि आकडा चढतो. ब्रशची मोटर असेल तर कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) बारीक काचकागदाने साफ करायचा. एमरी चालत नाही, तिचे कण विजेला वाट देतात आणि तांब्याच्या पट्ट्यांमध्ये अडकतात. कार्बन ब्रश निम्मे झिजले असतील तर जोडीनेच बदलायचे.

मग घाण. ग्राइंडिंग मशीनची घाण लेथवरच्या घाणीसारखी नसते. करडा, मऊ, तेलकट लगदा असतो तो. बोटांत चोळला तर रेशमी लागतो, आणि त्या मऊपणातच व्हीलचे झडलेले कण असतात. स्लाइडवर तो राहिला तर मशीनची प्रत्येक हालचाल स्लाइडला घासत राहते. हवेचा झोत मारायचा मोह इथे हमखास होतो आणि तोच टाळायचा. हवा ते कण बेअरिंगच्या सीलखाली आणि गिबच्या (स्लाइडची ढिलाई काढणाऱ्या पट्टीच्या) फटीत ढकलते. रॉकेल, मऊ ब्रश, चिंध्या, पुन्हा नवीन रॉकेल. शेवटची चिंधी पांढरी निघेपर्यंत. स्लाइडवरचा गंज पॉलिशपेपरने काढला तर सपाटी जाते. तेल आणि बारीक सपाट दगड घेऊन फक्त उंचवटे उतरवायचे. गंजाने पडलेले खड्डे तसेच राहू द्यावेत, खड्ड्याने मोजमाप बिघडत नाही. स्लाइडला पातळ स्लाइडवे तेलाचा हात पुरे. उघड्या स्लाइडवर ग्रीस थापलेली मशीन पाहिली की वाईट वाटतं. लावणाऱ्याने प्रेमानेच लावलेलं असतं, पण ग्रीस एकेक कण धरून ठेवतं. गिबचे स्क्रू स्लाइड अडेपर्यंत आवळायचे, मग ती पूर्ण लांबीभर हाताला सारखी जड लागेल इतपत सैल करायचे. मधे सैल आणि टोकांना घट्ट लागली तर मधला भाग झिजलाय. अशा वेळी टोकाशी अडणार नाही एवढं ठेवून काम मशीनच्या कमी झिजलेल्या पट्ट्यात करायचं.

खरा जीव दोन जागी आहे, व्हीलच्या स्पिंडलमध्ये आणि चकमध्ये. स्पिंडलच्या टेपरवर डायल गेज टेकवून हाताने फिरवलं तर काटा ५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत राहावा. मग स्पिंडल मागेपुढे दाबून पाहायचा. तिथे खेळ जाणवला तर बेअरिंग गेलं किंवा त्याला दाबून धरणारी स्प्रिंग ढिली पडली. बेअरिंग बदलताना त्याच मापाचं साधं बेअरिंग बसवलं की मशीन चालते, आवाजही छान येतो, पण फेस कधीच नीट येत नाही. पी५ किंवा त्याहून वरच्या अचूकतेचं बेअरिंग घ्यायचं, आणि अँग्युलर काँटॅक्टची जोडी असेल तर काढण्याआधी तोंडं कुठल्या दिशेला होती ते लिहून ठेवायचं. बसवताना हातोडी नको. ८० ते १०० अंशांवर गरम केलेलं बेअरिंग शाफ्टवर आपणहून सरकतं. चकसाठी सरळ, ग्राइंड केलेला टेस्ट बार धरायचा. जबड्याजवळ १० मायक्रॉन, ५० मिलिमीटर पुढे २० मायक्रॉन, यापेक्षा जास्त काटा हलला तर चक उघडून धुवायचा. बऱ्याचदा तिथे एखादा कण किंवा कॉलेटवर (चकमधल्या स्टेम आवळणाऱ्या नळीवर) उठलेली बारीक कड निघते. बार काढून, वळवून, पुन्हा धरून मोजायचा. दर वेळी आकडा वेगळा येत असेल तर दोष घाणीचा, तोच येत असेल तर झिजेचा.

कोनाच्या पट्टीवर विश्वास ठेवण्याआधी तीही तपासावी. ४५ अंशांवर लावून टाकाऊ व्हॉल्व्ह घासायचा आणि बेव्हल प्रोट्रॅक्टरने मोजायचा. पट्टीचा रिव्हेट सैल होऊन अर्धा अंश सरकलेला असणं अगदी सामान्य आहे, आणि अर्धा अंश इथे फार होतो.

एवढं सगळं करूनही रेघा येतात. मग त्या मोजायच्या.

रेघांमधलं अंतर सांगतं की हलतंय काय. समजा व्हील मिनिटाला ३,६०० फेऱ्या घेतंय आणि चक १२०. व्हॉल्व्हच्या एका फेरीत व्हील ३० वेळा फिरतं. व्हीलचा तोल गेला असेल तर दर फेरीला एक ठोका, म्हणजे गोलाभर ३० लाटा. ४० मिलिमीटर व्यासाच्या डोक्यावर त्या साधारण ४.२ मिलिमीटरवर येतील. आता पट्टा घ्या. व्हीलची पुली ६० मिलिमीटरची आणि पट्टा १.२ मीटर लांब असेल तर पट्ट्याचा सांधा मिनिटाला सुमारे ५६५ वेळा पुलीवरून जातो, व्हॉल्व्हच्या एका फेरीत पाचाहून थोडा कमी. त्या लाटा २६-२७ मिलिमीटरवर पडतात आणि पूर्णांक नसल्यामुळे दर फेरीला सरकून अर्धवट पुसल्याही जातात, म्हणून फेसवर रेघांऐवजी ढगाळ चट्टे दिसतात. दोन्हींत न बसणारं, दाट आणि कर्कश आवाजासह येणारं अंतर असेल तर ते थरथरणं आहे: व्हॉल्व्ह चकमधून फार बाहेर काढलाय, काप जास्त घेतलाय, किंवा व्हील तुळतुळीत होऊन कापायच्या ऐवजी चोळतंय. आपल्या मशीनची पुली, पट्टा आणि दोन्ही वेग एकदा मोजून झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवले, की हा हिशेब मिनिटाचा आहे. मला या हिशेबाचं फार अप्रूप वाटतं, कारण तो काहीही न उघडता दोषाची जागा दाखवतो.

४.२ मिलिमीटरची लाट आली की सगळे बेअरिंगकडे धावतात. त्याआधी एक साधी गोष्ट पाहावी. व्हिट्रिफाइड, म्हणजे भट्टीत भाजून घट्ट केलेल्या, व्हीलला सूक्ष्म भोकं असतात. व्हील थांबलेलं असताना कूलंट त्यात मुरतं आणि रात्रभरात खालच्या अर्ध्यात उतरतं. सकाळी व्हील एका बाजूला जड. ड्रेस केलं, म्हणजे हिऱ्याने त्याचं तोंड छाटलं, तर त्या जडपणासकट गोल होतं, आणि तासाभरात पाणी उडून गेलं की उलट बाजूने वाकडं. म्हणून काम संपताना आधी कूलंट बंद, आणि व्हील दोन-तीन मिनिटं कोरडं फिरू द्यायचं. नव्या बेअरिंगचा खर्च कित्येकदा एवढ्यावर वाचतो. पट्ट्याचं औषध म्हणजे सांधा नसलेला विणलेला पट्टा. क्लिप मारलेला जाड पट्टा इथे नकोच.

मशीनसोबत आलेलं व्हील, कितीही चांगलं दिसलं तरी, आधी काढून पाहावं. कोरडं आणि स्वच्छ करून बोटावर टांगायचं आणि लाकडी मुठीने हलकं टिचवायचं. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आला तर भेग. तेल प्यालेलं व्हीलही बद्द वाजतं, आणि तेही टाकायचंच. नवीन व्हील ॲल्युमिनियम ऑक्साइडचं, ८० ते १०० ग्रिटचं. त्यावरचा कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्त असलाच पाहिजे. १५० मिलिमीटरचं व्हील ३,६०० फेऱ्यांवर सेकंदाला २८ मीटर वेगाने फिरतं. फ्लँजखाली कागदी चकत्या दोन्ही बाजूंना, नट बेताचा घट्ट, गार्ड जागेवर, आणि पहिलं एक मिनिट समोर कुणी उभं राहायचं नाही. डायमंडने ड्रेस करताना एका वेळी ०.०२ मिलिमीटरहून जास्त घ्यायचं नाही, आणि कूलंट सतत चालू ठेवायचं. तापलेल्या हिऱ्यावर मधेच पाणी पडलं तर तो तडकतो. हिरा पटकन सरकवला तर व्हील खरखरीत होतं आणि भराभर कापतं, पण फेसवर पेचासारखी रेघ उमटते. सावकाश सरकवला तर गुळगुळीत काम येतं. अति सावकाश नेला तर व्हीलची धारच मरते आणि फेस निळा पडायला लागतो. कूलंट म्हणून काही जुन्या मशीनांत रॉकेल भरलेलं सापडतं. ठिणग्यांजवळ त्याची वाफ नको. पाण्यात मिसळणारं कटिंग ऑइल वापरावं, आणि गंज येत असेल तर मिश्रण थोडं दाट करावं.

आता व्हॉल्व्ह. घासण्याआधी तो घासण्याच्या लायकीचा आहे का, हे पाहायला जास्त वेळ द्यावा. जुन्या इंजिनातल्या व्हॉल्व्हवरच्या साक्यात शिसं असतं. कोरड्या तारेच्या ब्रशने त्याची धूळ उडवू नये, तो भिजवून काढावा आणि तोंडाला मास्क असावा. स्टेम वरती, मधे आणि खाली मोजायचा, तीनही ठिकाणी नव्वद अंश फिरवून पुन्हा. न झिजलेल्या भागापेक्षा ०.०५ मिलिमीटरने बारीक झालेला स्टेम सहसा बाद. डोक्याखालचा गळा ताणून बारीक झाला असेल, डोकं वाटीसारखं खोलगट झालं असेल, किंवा स्प्रिंग अडवणाऱ्या लॉकच्या खाचेची कड गोलावली असेल, तर तोही बाद. काही मशीनांत स्टेमचं शेपूट मागच्या शंकूत टेकतं. तिथे आधी टोकाची छोटी तिरकी कड साफ करून घ्यावी लागते, नाहीतर टोकाचा वेडावाकडेपणा सगळाच्या सगळा फेसवर उतरतो. चकमध्ये पकड न झिजलेल्या भागावर आणि डोक्याच्या जितकी जवळ घेता येईल तितकी जवळ.

चक आधी फिरवायचा आणि मग व्हील हळूच जवळ आणायचं, पहिली ठिणगी ऐकू येईपर्यंत. पहिल्या ठिणग्या गोलाच्या एकाच बाजूने आल्या तर स्टेम वाकलाय. थोडा असेल तर घासून निघेल, पण मार्जिन, म्हणजे फेस आणि डोक्याचा माथा यांच्यामधली उभी कड, एका बाजूला पातळ राहील. एका वेळी २५ ते ५० मायक्रॉन काप, शेवटी १० मायक्रॉन. व्हॉल्व्ह व्हीलच्या तोंडावर सावकाश मागेपुढे न्यायचा, पण कडेबाहेर पूर्ण जाऊ द्यायचा नाही. गेला की व्हीलची कड झडते. दुसऱ्या बाजूला व्हीलचा कोपरा डोक्याखालच्या गोलाईला लागता कामा नये. तिथे पडलेली केसाएवढी खाच पुढे तडा बनते आणि डोकं सिलिंडरमध्ये तुटून पडतं. फेस साफ झाला की फीड थांबवायचा, ठिणग्या संपेपर्यंत दोन-चार फेऱ्या द्यायच्या, आणि मग व्हॉल्व्ह जागचा न हलवता व्हील मागे घ्यायचं. व्हॉल्व्ह आधी बाजूला ओढला तर शेवटच्या क्षणी एक रेघ उठते.

किती घासलं, याचा हिशेब हँडलवरच्या आकड्यापेक्षा मोठा असतो. व्हील फेसला काटकोनात पुढे येतं. ४५ अंशांच्या व्हॉल्व्हवर ०.२० मिलिमीटर घेतलं तर मार्जिन ०.२८ ने कमी होते आणि व्हॉल्व्हही तेवढाच सीटमध्ये खोल जातो. ३० अंशांच्या व्हॉल्व्हवर तोच काप ०.२३ खातो. नवी मार्जिन दीड मिलिमीटरच्या आसपास असते, आणि ०.८ च्या खाली एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड धारदार होऊन लाल तापते. इंजिनच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा. व्हॉल्व्ह खोल गेला की त्याचं टोक दुसऱ्या बाजूला तेवढंच वर येतं, स्प्रिंगची उंची वाढते आणि तिचा दाब कमी होतो. त्यासाठी स्प्रिंगखाली शिम (पातळ चकती), आणि टोकावरून थोडं ग्राइंडिंग. टोकावर कडक केलेला थर पातळ असतो. तिथून पाव मिलिमीटरहून जास्त काढू नये. त्याहून जास्त काढायची वेळ येत असेल तर सीट खोल गेलीय आणि उपाय नव्या सीटचा आहे.

व्हॉल्व्ह ४४ आणि सीट ४५ अंश, हा एका अंशाचा मुद्दाम ठेवलेला फरक जुन्या इंजिनांसाठी चांगला. टेकण्याची रेघ सीटच्या बाहेरच्या, ज्वलनाकडच्या कडेला येते, कार्बन धरत नाही आणि चालता चालता रुंद होते. असं घासून झाल्यावर सवयीने पेस्ट लावून लॅपिंग करायचं म्हणजे तो फरक पुसून टाकणं. पेस्टने फेसला उथळ चर पडतो. थंड असताना तो सीटवर नेमका बसतो, पण इंजिन तापून डोकं फुगलं की चराची कड सीटवरून सरकते. लॅपिंग जवळजवळ सगळे करतात, त्यात एक समाधान आहे, ती एकसंध करडी कडी दिसली की जीव भांड्यात पडतो, हेही कळतं. तरी चांगल्या मशीनवर नीट घासलेल्या व्हॉल्व्हला त्याची गरज नाही. तपासणीपुरता निळा रंग पुरे: फेसवर अगदी पातळ थर, व्हॉल्व्ह सीटवर दाबून पाव फेरी, आणि सीटवर अखंड निळी कडी. कडी तुटली तर आधी गाइड मोजायचं. सीट घासायचा दगड गाइडमध्ये बसवलेल्या पायलट नावाच्या दांडीवर फिरतो. गाइड सैल असेल तर सीट कधीच मध्यावर येणार नाही आणि दोष उगाच व्हॉल्व्हच्या माथी बसतो.

काही व्हॉल्व्ह या मशीनवर चढवूच नयेत, आणि काही जपूनच. टायटॅनियमचे आणि फेसवर नायट्राइडचा किंवा दुसरा पातळ थर दिलेले व्हॉल्व्ह. घासले की थर जातो आणि खालचा मऊ धातू उघडा पडतो. स्टेलाइट (कोबाल्टचा कठीण मिश्रधातू) चढवलेला फेस घासता येतो, पण थर संपून खालचं पोलाद दिसायला लागलं की तिथेच थांबायचं. आणि जाड, पोकळ स्टेमचे सोडियम भरलेले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. फेसवरचा हलका हात त्यांना चालतो, पण डोकं मधे फार पातळ झालं असेल किंवा तडा दिसत असेल तर मुळीच नाही. आतलं सोडियम पाणीमिश्रित कूलंटला लागलं तर पेट घेतं. असे बाद व्हॉल्व्ह कापायचे नाहीत, भंगारात इतर लोखंडासोबत टाकायचे नाहीत. वेगळ्या डब्यात, कोरडे, वर ठळक अक्षरांत ‘सोडियम’ लिहून ठेवायचे आणि अशा धातूची विल्हेवाट लावू शकणाऱ्याच्याच हाती द्यायचे.